पद्माक्काचे पाच बांध

लग्नकार्यात मोजणीदाराची आठवण कुणाला होत नाही. भाऊ वेगळे व्हायचे ठरले, भांडीकुंडी वाटून झाली आणि शेतापाशी गाडं अडलं, की मग आमचं नाव निघतं. सारी नोकरी मी बेळगाव जिल्ह्यात, त्यातही बरीचशी चिकोडी तालुक्यात आणि निपाणीच्या आसपासच्या गावांत शेतांचे हिस्से पाडण्यात घालवली. बापाचं एक शेत मुलांत वाटायचं झालं की प्रत्येकाच्या वाट्याची हद्द जमिनीवर आखून द्यायची, दगड रोवायचे, नकाशा काढायचा, हे माझं काम. मी गावात शिरलो की उंबऱ्यावर बसलेल्या बायका एकमेकींना म्हणत, "आला बगा घर फोडाय." घर माझ्या आधीच फुटलेलं असे, पण ते कुणाला सांगत बसणार?

आता निवृत्त होऊन बेळगावात टिळकवाडीत राहतो. शेजारी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक तरुण प्रोफेसर आहेत. शेतजमिनीचे आणखी तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा यंदा, सत्तेचाळीस साली, मुंबई सरकारनं केला, ती बातमी त्यांनी मला माझ्या अंगणात उभं राहून वाचून दाखवली. मग चहा घेता घेता समजावून सांगू लागले. म्हणाले, "अण्णा, पूर्वी जन्म पुष्कळ आणि मृत्यूही पुष्कळ, म्हणून लोकसंख्या जागच्या जागी असायची. गेल्या पंचवीस वर्षांत साथी आटोक्यात आल्या. जन्म तेवढेच राहिले, मृत्यू घटले. जमीन काही वाढली नाही आणि कारखानेही त्या वेगानं निघाले नाहीत. मग ही जादा माणसं जाणार कुठं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी स्वतः ते डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी 'जादा' या शब्दाला मी एकदम चिडलो आणि म्हणालो, "जादा म्हणजे कोण? नाव सांगा." प्रोफेसर बिचारे गोंधळले. त्यांचा काही दोष नव्हता. मला तो प्रश्न फार वर्षांपूर्वी एका बाईनं विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आहे ते त्या बाईबद्दल.

त्याआधी आमच्या धंद्याची थोडी ओळख करून देतो. आमची साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढं गणित आलं की अर्धं काम आलं. उरलेलं अर्धं माणसांचं. साखळीचं टोक एका भावाच्या हातात दिलं तर दुसऱ्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून दोन्ही टोकं मी परक्या माणसांच्या हाती देत असे. जेवायचं कुणाकडं, हा तर मोजणीपेक्षा अवघड प्रश्न. थोरल्याकडं जेवलो तर धाकटा गावभर सांगणार की हद्द थोरल्याच्या ताटात ठरली. म्हणून मी भाकरी बांधून नेई आणि झाडाखाली एकटा बसून खाई. खानापूरकडं दोन भावांच्या मधोमध एक फणस आला. त्याच्या कुठल्या फांद्या कुणाच्या, ते मोजा म्हणून दोघे माझ्या मानगुटीवर बसले. शेवटी त्याच झाडाचा एक फणस फोडून दोघांनी मांडीला मांडी लावून खाल्ला, मलाही दिला, आणि हात पुसून झाल्यावर पुन्हा भांडायला उभे राहिले.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मात्र नवे हिस्से पाडायचं काम थोडंच असे. उलट, कागदावर असलेले हिस्से जमिनीवर सापडत नसत. प्लेग दर एक-दोन वर्षांनी फेरी मारून जाई. पटकी असे, देवी असत. चार भावांचं शेत बघायला जावं तर एकच भाऊ समोर यावा. असाच मी निपाणीच्या पश्चिमेला एका गावी आदगोंडाच्या शेतावर गेलो. जैनाचं घर, माणूस अबोल आणि कष्टाळू. शेत सुरेख होतं. वर रस्त्याकडं मुरमाड माळ, खाली ओढ्याकडं काळी जमीन. कागदावर त्याच्या चार पट्ट्या होत्या, प्रत्यक्षात एकच सपाट रान होतं.

"बांध कुठं गेले?" मी विचारलं.

"मोडलं. आमच्यात भावाचा बांध असाच मोडत न्हाय, मोजणीदार. त्यो गेला आणि त्येच्या माघारी कोण उरलं न्हाय, तरच नांगर घालायचा. तीन भाऊ गेलं. तीन बांध मोडलं म्या." एवढं बोलून तो बैलांकडं वळला.

गावाच्या बाजूनं शेतात शिरलं की प्रत्येक पट्टीच्या आधी तिचा बांध लागे, आणि ज्याची पट्टी त्याचा तो बांध. बांध आहे म्हणजे माणूस आहे, असा तिथला हिशेब होता. दुसऱ्या गावांत लोक सोयीनं बांध घालत, सोयीनं मोडत. या गावात तसं कुणी करत नसे.

तेवढ्यात आदगोंडाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. ही पद्माक्का. वय अगदी कोवळं, कडेवर एक मूल. मुलाच्या दंडावर टोचल्याच्या खपल्या होत्या. सासूचा विरोध असताना ती एकटी पोराला घेऊन चालत निपाणीला गेली होती आणि देवी टोचून आणल्या होत्या. "आदीची दोन देवीत गेली," ती म्हणाली, "ह्येला जाऊ देनार न्हाय." तिच्या आवाजात रडू नव्हतं. कुणावर तरी राग धरल्यासारखं ती बोलत होती.

पुढं त्या बाजूला गेलो की ती आवर्जून हाक मारी. मुलगा झाला की टोचायला नेई, साथीची कुणकुण लागली की सगळ्यांच्या आधी पोरं घेऊन रानातल्या झोपडीत राही. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात त्या गावात घरंच्या घरं ओस पडली. ती साथ ओसरल्यावर मी गेलो, तर ही ओढ्याकाठी उभी, आणि भोवती थोरल्या नेमगोंडापासून पाळण्यातल्या बाळगोंडापर्यंत सगळे. मला लांबून बघून ओरडली, "मोजणीदार, माझी पाची जगली बगा!" एवढा आनंद मी माणसाच्या तोंडावर फार थोड्या वेळा पाहिला आहे. मलाही भरून आलं. त्या दिवशी तो हिशेब माझ्या मनात आला नव्हता. पाच लेक जगले म्हणजे पाच वाटे होणार, हे आमच्या खात्यातल्या माणसाला तरी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं, आणि सुचलं नाही याचं मला वाईटही वाटत नाही.

मधली वर्षं चांगली गेली. निपाणीत तंबाखूची पेठ वाढली, वखारी उभ्या राहिल्या. आदगोंडानं खालच्या काळीत तंबाखू लावला, कौलारू घर बांधलं. एकेक करून लेकांची लग्नं झाली. मग आदगोंडा वारला, सुनांचं एकमेकींशी पटेना, आणि पाचही भावांनी वाटणीचा अर्ज केला. तो माझ्याकडंच आला.

त्या दिवशी भाकरी बांधून नेऊनही उपयोग झाला नाही. घरात पाच चुली पेटल्या होत्या आणि पाचही सुनांनी मला जेवायला बोलावलं. पद्माक्का म्हणाली, "पाचींच्यातलं घास-घास खावा, न्हायतर माझं घर बोंबलंल." मी पाच ठिकाणी घास-घास आमटी-भाकरी खाल्ली. आमटी पाचही चुलींवर एकाच चवीची होती, सगळ्या सासूच्याच हाताखाली शिकलेल्या.

शेतावर सगळे जमले. प्रत्येकाला माळाबरोबर काळीही हवी, कारण नुसत्या माळावर पोट भरत नाही आणि काळी कुणी सोडणार नाही. रस्ताही प्रत्येकाला हवा आणि ओढाही. म्हणजे रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पाच पट्ट्या करणं आलं. मी साखळी टाकून अंदाज घेतला, तर पट्ट्या फारच अरुंद भरत होत्या. शेतकरी ढेकळं फोडायला कुळव आधी उभा मारतो, मग आडवा मारतो. तंबाखूला तर ओळींतलं तण काढायची कोळपणी दोन्ही बाजूंनी लागते. एवढ्या अरुंद पट्टीत आडवं औत फिरवायचं म्हणजे बैल शेजारच्या भावाच्या पिकात. शिवाय बांध स्वतः जमीन खातात ते वेगळंच.

अर्जाप्रमाणे मोजून द्यायचं एवढाच मला अधिकार. तरी न राहवून मी म्हणालो, "शेत एकत्रच कसत राहा, नाहीतर दोघांनी शेत घ्या आणि बाकीच्यांनी घर, बैल, गाडी असं काही घ्या. पाच जणांना हे पुरायचं नाही. माणसं जादा होतात."

पद्माक्का हद्दीच्या दगडाला टेकून बसली होती. ती उठून माझ्यासमोर आली.

"जादा व्हय? मग कुटला जादा झालाय त्येवडं बोट दावा, मोजणीदार. ह्यो नेमगोंडा जादा? का ह्यो धाकला? दोन मातीत घातली, मग ही पाच राखली म्या. ह्यातला जादा कोण त्ये सांगा, आणि मग साखळी सोडा."

मी खाली मान घालून साखळीच्या कड्या चाचपत राहिलो.

मग धाकटा बाळगोंडा पुढं आला. हसतमुख, आईचा लाडका. म्हणाला, "आई, मी निपाणीला वखारीत जातो. माझा वाटा नेमाण्णाकडं ऱ्हाऊ दे. मला बांध नगं."

"तुजा बांध न्हाय घातला तर तू हायस कशावरनं म्हनू मी?" ती म्हणाली. "चुलत्यांचं बांध मोडलेलं बगितलंय म्या. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या लेकाचा बांध न्हाय असं व्हायचं न्हाय."

चौघे भाऊ तिच्याकडं बघत होते. तिला कुणी वेडी म्हणू शकत नव्हतं, कारण रीत गावाचीच होती. शेवटी पाच पट्ट्या पडल्या. हिस्से थोरल्यानं सुचवायचे आणि पहिली निवड धाकट्यानं करायची, ही तिथली पद्धत. बाळगोंडानं गावापासून सर्वांत लांबची, पावसाळ्यात पाणी तुंबणारी पट्टी उचलली. नेमगोंडानं तोंड फिरवून डोळे पुसले. मी दगड रोवून घेतले आणि परत आलो.

पुढं व्हायचं ते झालं. पाच घरांत बैलांची जोडी एकच, तीही पाळीपाळीनं. ज्याची पाळी शेवटी त्याची पेरणी उशिरा. बांधांवर हरळी माजली, ती पिकात उतरली. एकाच शेतात जिथं एका घराचं खाऊन उरत होतं, तिथं पाच घरं अर्धपोटी राहू लागली. एका मागोमाग एक भाऊ आणि सुना निपाणीच्या वाटेला लागल्या. बाळगोंडा तर बायकोला घेऊन तिथंच राहिला.

एकदा सकाळी निपाणीत एका वखारीच्या दारात तो मला दिसला. दारात ही गर्दी. आजूबाजूच्या सगळ्या गावांतली माणसं, सगळ्यांच्या पट्ट्या अशाच अरुंद झालेल्या. मुकादम बाहेर येई, हातानं मोजके लोक आत घेई, बाकीचे उद्यापर्यंत तसेच. मी विचारलं, "मजुरी तरी बरी मिळते का रे?"

"कशी मिळंल, आण्णा?" तो हसत म्हणाला. "परवा वाडवून मागितली. मुकादम म्हनला, भाईर बग किती हुबी हायत. भाईर बगितलं तर माझाच भाऊ हुबा." हसता हसता त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. तंबाखू चाळणाऱ्यांच्या छातीत ती भुकटी बसते. तिथं खोकला सगळ्यांनाच असतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पेठ वाढली, वखारी वाढल्या, व्यापाऱ्यांच्या माड्या झाल्या. माणसं मात्र त्याहून भराभर वाढली, आणि दारात उभ्या असलेल्याच्या हाती पडायचं ते वाढलंच नाही. प्रोफेसर सांगतात ते हेच असावं.

काही वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या मोजणीसाठी मी त्या गावी होतो, तर आदगोंडाच्या शेताकडून बाईचा आक्रोश ऐकू आला. काम टाकून धावलो. पद्माक्का नांगरटीत बसून छाती बडवत होती. "गेला गं माझा बाळगोंडा, मला सांगितलंबी न्हाय!" तिची नजर तोवर बहुतेक गेली होती. रोज सकाळी ती काठी टेकत शेतात येई आणि पायानं एकेक बांध चाचपत टोकापर्यंत जाई. त्या दिवशी तिला शेवटचा बांध लागला नव्हता.

नेमगोंडा कपाळाला हात लावून उभा होता. बाळगोंडानं आपण होऊन पट्टी चौथ्या भावाला कसायला दिली होती. दोन पट्ट्या मिळून आडवा कुळव तरी मारता येईल, म्हणून त्यांनी मधला बांध नांगरला होता. आईला कळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सगळे तिला परोपरीनं सांगत होते की तो जिवंत आहे. ती ऐकेना. "मग बांध कोणी मोडला? जित्या मानसाचा बांध कोण मोडतंय?"

एक जण सायकल घेऊन निपाणीला गेला. दुपारी बाळगोंडा आला, केसांपासून पायांपर्यंत तंबाखूच्या भुकटीनं पिवळा झालेला. आईच्या पुढ्यात बसला. तिनं त्याचं तोंड चाचपलं, हात चाचपले, त्याच्या छातीतली घरघर कान लावून ऐकली. मग म्हणाली, "हायस न्हवं? मग तुजा बांध कुटं हाय?"

त्यानं उठून खोरं घेतलं. बघता बघता पाचही भाऊ कामाला लागले. मी साखळी आणवून जुन्या दगडांवरून रेघ धरून दिली. कुठल्याच अर्जात नसलेली तेवढी एक मोजणी मी केली. कुणाच्या फायद्याची ती नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत बांध उभा राहिला आणि पद्माक्कानं त्यावरून पाय फिरवून पाहिला.

नुकत्याच संपलेल्या लढाईच्या दिवसांत नेमगोंडा मला चिकोडीच्या कचेरीत भेटला. बाजूला नेऊन म्हणाला, "आण्णा, बाळगोंडा गेला. छातीनं गेला." त्याला मूलबाळ नव्हतं. बायको तिच्या माहेरी निघून गेली होती.

"आईला?"

"न्हाय सांगितलं. निपाणीतच सगळं उरकलं. गावातबी कोण बोलत न्हाय."

"आणि बांध?"

"हाय तसा हाय. त्येची पट्टी पडीक हाय. बांध हाय तंवर एवड्याशा जागंत औत फिरत न्हाय. गवात वाडलंय. रोज जाऊन पाय लावून येती, मग जेवती." एवढं सांगून तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. भरल्या कचेरीत मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो.

निवृत्तीच्या आधी मी तिला भेटायला म्हणून मुद्दाम गेलो. ती घरासमोर उन्हात बसली होती. आवाजावरून मला ओळखलं. "आलासा? चला, बांध बगून यिऊ." मी तिचा हात धरला. पहिल्या बांधावर पाय लागला तशी म्हणाली, "नेमगोंडा." मग दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक बांधावर ती ज्याचं त्याचं नाव घेई. पाचव्यावर आली आणि थांबली.

"हाय न्हवं?"

"आहे, आक्का."

ती बांधावर बसली. हातानं तिथली हरळी उपटू लागली. मग माझ्याकडं तोंड न करताच म्हणाली, "पोरास्नी वाटतंय मला ठाव न्हाय. त्या दिशी त्येच्या छातीला कान लावलाता म्या, तवाच कळलंतं. आता दोन सण झालं, त्यो आला न्हाय. जिता असता तर आला नसता व्हय? माझ्या माघारी मोडा म्हनावं नेमगोंडाला. त्या पट्टीत तेबी चार दानं पिकवतील. मी हाय तंवर ऱ्हाऊ दे."

मी तिला हाताला धरून उठवलं आणि परत आणलं. येताना तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही.

पद्माक्का गेली. नवा कायदा चांगला आहे, असं मी प्रोफेसरांना मनापासून सांगितलं. आणखी पट्ट्या पडल्या तर खेड्यांत जगता येणार नाही. परवा नेमगोंडा बेळगावला काही कामासाठी आला होता, तो घरी येऊन गेला. आता तोही थकलेला दिसतो. मी बांधाचं विचारलं नव्हतं, तोच आपण होऊन बोलला.

"बांध अजून हायच, आण्णा. आईनं तुमच्याकडनं सांगून धाडलंतं तरीबी. नांगर घिऊन दोनदा गेलतो. बैल बांधापातुर जात्यात आणि मीच फिरवून आनतो. पट्टी पडीक, आणि घरात पोरं खायाला मागत्यात. साकळी तुमी धरलीती. तुमीच येऊन बांधावर हुबं ऱ्हावा आणि मला म्हना, घाल नांगर. मग घालतो."

दिवाळी होऊ दे, येतो, असं मी त्याला म्हणालो. साखळी अजून माळ्यावर आहे, ती काढून पुसून ठेवली आहे. पण निघायचं कधी ते अजून ठरवलं नाही.